पाळण्याआधीची खरेदी

बाळ येणार म्हटलं की पाळणा कुठल्या लाकडाचा, बारसं कुठं, वाळे चांदीचे की सोन्याचे, यावर महिनाभर खल होतो. ते बाळ दवाखान्यातून घरी कसं यायचं, हे मात्र डिस्चार्जच्या दिवशी सकाळी ठरतं. रेणापूर तालुक्यातल्या पहिलटकरणीचं बाळंतपण बहुधा लातूरला होतं, कधी अंबाजोगाईला. मग चुलत्याची नाहीतर ओळखीच्या कुणाची गाडी येते, आजी बाळाला मांडीवर घेऊन ड्रायव्हरशेजारी बसते, ‘पुढं हवा लागती’ म्हणून, आणि गाडी लातूर–अंबाजोगाई रस्त्याला लागते. पाळण्यात पडायच्या आधी बाळ गाडीत बसलेलं असतं. म्हणून खरेदीचा क्रमही तोच असावा: आधी गाडीतली सीट, मग पाळणा.

हा लेख त्या सीटबद्दल आहे. दुकानात किंवा मोबाइलवर शंभर प्रकार दिसतात आणि माणूस गोंधळतो. आपल्याकडच्या घरांसाठी माझं मत सरळ आहे. पहिली सीट हलकी, मागे तोंड करून बसणारी, गाडीच्या साध्या तीन-बिंदू (कमर आणि खांदा दोन्ही धरणाऱ्या) पट्ट्याने कुठल्याही गाडीत बसवता येणारी घ्या. कारण आपलं बाळ एका गाडीत वाढत नाही. ते दवाखान्यातून माहेरच्या गाडीत येतं, लसीकरणाला मामाच्या गाडीत जातं, सव्वा महिन्यानंतर रेणुकादेवीच्या दर्शनाला भाड्याच्या गाडीत आणि तीन महिन्यांनी बापाच्या गाडीत पुण्याला. महागडी, एकाच गाडीत पक्की बसणारी सीट त्या एका गाडीतच राहते आणि बाळ पुन्हा मांडीवर येतं.

मांडीचं काय चुकतं, ते आधी पाहू. घरात पहिला वाद त्यावरच होणार आहे. ‘आमची लेकरं काय सीटवर वाढली का? कशाला बांधायलाव लेकराला?’ असं आजी विचारतेच. आजीच्या मायेबद्दल प्रश्न नाही, प्रश्न हाताच्या ताकदीचा आहे. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी समोर आदळून क्षणात थांबली, तर आतल्या प्रत्येकावर त्याच्या वजनाच्या वीस-तीस पट जोर येतो. चार किलोचं बाळ त्या क्षणी ऐंशी ते एकशेवीस किलोचं होतं. म्हणजे आडतीवरचं क्विंटलभर सोयाबीन कुणीतरी अंगावर फेकावं आणि ते आपण दोन हातांत झेलावं. पैलवानालाही जमणार नाही. आणि आजीने स्वतः पट्टा लावला नसेल, तर तिचं सगळं वजन बाळाला डॅशबोर्डवर दाबतं. काही जण शहाणपणा म्हणून बाळाला मांडीवर घेतात आणि दोघांवरून एकच पट्टा ओढतात. ते त्याहून वाईट, कारण पट्टा आणि मोठ्या माणसाचं शरीर यांच्यामध्ये बाळ चेंगरतं. ओढणीची झोळी करून छातीशी बांधलं तरी तेच.

‘मागं बसलं की काही होत नाही’ हा दुसरा समज. रेणापूरला हे वेगळं सांगायला नको. १९८० ते ८५ आणि पुढे १९९० ते २००९ या काळात रेणापूर मतदारसंघाचे आमदार असलेले गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत गेले, ते मोटारीच्या मागच्या सीटवर बसलेले असताना झालेल्या धडकेत. तेव्हाचे केंद्रीय आरोग्यमंत्री डॉ. हर्षवर्धन यांनी त्यानंतर मागच्या सीटवरच्या पट्ट्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली होती. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावरच्या अपघातात गेले, तेही मागेच बसले होते आणि त्यांनी पट्टा लावलेला नव्हता. गाडी साधी नव्हती, मर्सिडीज होती.

कायदाही आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९४-ब आलं. चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याने किंवा मुलांसाठीच्या सीटने बांधलेलं नसेल, तर चालवणाऱ्याला एक हजार रुपये दंड. आपल्या रस्त्यावर हा दंड कुणाला झाल्याचं ऐकिवात नाही, तेव्हा पोलिसांच्या भीतीने कुणी सीट घेईल, या भ्रमात मी नाही.

आता तोंड मागे का, ते समजून घ्या, कारण इथेच सगळी गोम आहे. नवजात बाळाचं डोकं त्याच्या एकूण लांबीच्या जवळजवळ चौथा हिस्सा असतं, आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात. बाळ पुढे तोंड करून बसलं आणि गाडी आदळली, तर पट्टा छाती धरून ठेवतो, पण जड डोकं पुढे झेपावतं आणि त्याचा सगळा ताण त्या कोवळ्या मानेवर येतो. बाळ मागे तोंड करून बसलं असेल, तर डोकं, मान, पाठ मिळून सीटच्या कवचात दाबली जातात आणि जोर पाठभर वाटला जातो. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन या प्राध्यापकाला ही कल्पना जेमिनी यानातल्या अंतराळवीरांच्या आसनांवरून सुचली. उड्डाणाच्या वेळचा रेटा त्यांनाही पाठीवरच घ्यायचा होता. १९६४ च्या सुमाराला व्होल्वोच्या मोटारीत अशा सीटच्या चाचण्या झाल्या. बाळाचं तोंड आपल्याला दिसत नाही म्हणून अनेक बाप सहा महिन्यांतच सीट फिरवतात. फिरवू नका. युरोपच्या नव्या नियमात किमान पंधरा महिन्यांपर्यंत तोंड मागेच हवं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीचा सल्ला तर सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत मागेच ठेवा असा आहे. पाय दुमडले तरी बाळाला त्याचं काही वाटत नाही, ते आपल्यालाच अवघडल्यासारखं दिसतं.

मागे तोंड करणारी सीट पुढच्या जागेवर, एअरबॅगसमोर, कधीही ठेवायची नाही. २०२१ नंतरच्या जवळजवळ सगळ्या नव्या मोटारींत ड्रायव्हरशेजारी एअरबॅग असते. ती डोळ्याचं पातं लवायच्या आत फुगते आणि नेमकी सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागे आदळते. उन्हाची झापड खाली केली की त्यावर बाळाचं चित्र आणि फुली दिसेल; ती हीच सूचना. जागा मागची, शक्यतो डावी. आपल्याकडे डावं दार रस्त्याच्या कडेला उघडतं, म्हणजे बाळाला काढता-घालताना पाठीमागून ट्रक येत नाही, आणि आईला मधे किंवा उजवीकडे बसून बाळाकडे लक्ष ठेवता येतं. मधली जागा कागदावर जास्त सुरक्षित, पण पुष्कळ गाड्यांत तिथे फक्त कमरेचा पट्टा असतो. तसा असेल तर मधे नको.

दुकानात काय बघायचं? पहिलं, लेबल. सीटच्या पाठीवर किंवा तळाशी चिकटवलेला कागद. भारतीय मानक एआयएस-०७२; युरोपातलं जुनं आर-४४ आणि नवं आर-१२९. युरोपच्या लेबलवर गोलात ‘ई’ आणि शेजारी एक आकडा असतो. आर-४४ वाल्या सीटवर वजनाचा गट लिहिलेला असतो: नवजातासाठी ‘०+’ म्हणजे १३ किलोपर्यंत. आर-१२९ वाल्या सीटवर उंची सेंटीमीटरमध्ये असते. लेबलच नसेल तर ती सीट कितीही मऊ, गुलाबी आणि हत्तीच्या चित्राची असो, ती सीट नव्हे. दांडीवाल्या टोपल्या, झुलणारे बाउन्सर, कॅरी कॉट, सगळं दुकानदार ‘गाडीत पण चालतंय की’ म्हणून दाखवतो. त्यातल्या पुष्कळांना गाडीचा पट्टा ओवायला जागाच नसते.

दुसरी गोष्ट बाळाच्या मापाची, आणि ती जाहिरातीत कुणी सांगत नाही. आपल्याकडची बाळं जन्मतः अडीच-पावणेतीन किलोची असतात, काही त्याहून कमी. बाजारात ‘जन्मापासून चार वर्षांपर्यंत’ अशी दुहेरी सीट मिळते, आणि एकदाच खर्च म्हणून ती सगळ्यांना पटते. पण त्यातल्या अनेकींचा खांद्याचा पट्टा इतक्या वरच्या खाचेतून निघतो की अडीच किलोचं बाळ त्यात हरवून जातं. मागे तोंड असताना पट्टा खांद्याच्या बरोबरीने किंवा जरा खालून यायला हवा. दुकानात हात लावून बघा: बसायच्या तळापासून सगळ्यात खालच्या खाचेपर्यंत अंतर जितकं कमी, तितकी ती सीट नवजाताला बरी. नवजातासाठी आत घालायची उशी सोबत आलेली असेल तर तिच्यासकट मोजा. वेगळी विकत घेतलेली उशी मात्र घालू नका. ती त्या सीटबरोबर तपासलेली नसते आणि धडकेत दबून पट्टा सैल पडतो.

तिसरं, गाडीचा पट्टा पुरतो का. मागे तोंड करणाऱ्या सीटला पट्ट्याचा मोठा वेढा लागतो: कमरेचा भाग बाळाच्या पायांवरून, तिरका भाग सीटच्या पाठीमागून. जुन्या छोट्या गाड्यांत तो चार बोटं कमी पडतो आणि मग ‘बसतंय बसतंय’ म्हणत कसाबसा अडकवला जातो. म्हणून सीट घ्यायच्या आधी गाडी दुकानासमोर उभी करून लावून बघा. लातूरच्या दुकानांत दोन-तीनच प्रकार असतात, बाकी मागवावे लागतात. मागवलीत तर परत करायची मुदत बघा आणि सीट आल्या दिवशीच गाडीत बसवून बघा, खोक्यात ठेवून बाळंतपणाची वाट बघू नका.

आयसोफिक्सबद्दल थोडं, कारण दुकानदार त्यावरच जोर देईल. मागच्या सीटच्या बैठकीच्या आणि पाठीच्या फटीत लोखंडी कड्या असतात, त्यांत सीट खट्कन बसते. चुकीची बसण्याची शक्यता कमी, ही तिची खरी किंमत. नव्या गाड्यांत ती सोय असते, फटीजवळ शिक्का दिसतो. पण मामाच्या जुन्या जीपमध्ये ती नसते. आयसोफिक्स हवंच असेल तर असं घ्या की जे पट्ट्यानेही बसवता येईल. साधी पट्ट्याची नवजात-सीट पाच ते दहा हजारांत येते, आयसोफिक्सची त्याच्या दुप्पट-तिप्पट. महाग म्हणजे जास्त सुरक्षित असं समीकरण नाही. पाच हजारांची नीट बसवलेली सीट तीस हजारांच्या हलणाऱ्या सीटपेक्षा चांगली.

आणि पैसे कुणी द्यायचे? माझी सूचना आहे: ओटीभरणाचा आहेर म्हणून द्या. मावशी-आत्या मिळून. बारशाला देऊन उपयोग नाही. बाराव्या दिवसापर्यंत बाळाचा पहिला प्रवास उरकलेला असतो. सातव्या-आठव्या महिन्यात सीट घरात आली की मामाला ती बसवायची सवय करायला वेळ मिळतो, आणि वाळ्यांचे जोड चार जमतात त्यातला एक कमी होतो.

बसवणं हीच खरी परीक्षा. सीटवर साधारण निळ्या रंगाच्या खाचा असतात, मागे तोंड असताना पट्टा त्यांतूनच जायला हवा. लाल खाचा पुढे तोंड करण्यासाठी. पट्टा ओवून कुलूप लावलं की एका हाताने सीट बैठकीत दाबा आणि दुसऱ्याने तिरका पट्टा ओढून सगळा सैलपणा काढा. मग पट्टा जिथून जातो तिथे धरून हलवा. बोटाच्या एका पेराहून जास्त सरकली तर पुन्हा ओढा. पाठीचा कल नवजातासाठी साधारण पंचेचाळीस अंशांचा. फार उभी असेल तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकते आणि श्वासनळी दबते. बहुतेक सीटवर कलाची रेघ असते, ती जमिनीला समांतर आली की झालं. रेघ बघताना गाडी उतारावर उभी नको.

बाळ बसवताना आपल्या दोन सवयी आड येतात. पहिली, कुंची. टोपरं, कुंची, दुपटं, वरून शाल, असं गाठोडं करून बाळ आणलं जातं. कुंचीचा मागचा झोळ पाठीशी गोळा होऊन डोकं पुढे ढकलतो, आणि जाड कपड्यावरून आवळलेला पट्टा आत सैलच राहतो. पातळ झबलं घाला, पट्टे लावा, मग वरून दुपटं पांघरा. पट्टा घट्ट झाला की नाही, याची खूण सोपी आहे. खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरून बघा. चिमटीत घडी आली तर सैल, निसटली तर बरोबर. डोकं कलंडतंय म्हणून मानेखाली काही घालू नका. जुन्या मऊ लुगड्याच्या दोन वळकट्या डोक्याच्या दोन्ही बाजूंना चालतात. दुसरी सवय दागिन्यांची. कमरेचा करदोडा, त्यातला ताईत, पायातले घुंगरू मांड्यांमधल्या पट्ट्याखाली येतात आणि तासाभरात वळ उठतो. प्रवासापुरते काढून ठेवा, किंवा निदान पट्ट्याखालून बाजूला करा.

लातूर ते रेणापूर अर्ध्या तासाचा रस्ता. नवजाताला सलग तेवढंच बसवणं बरं. सीटमध्ये बाळ झोपतं म्हणून घरी आल्यावर त्यातच तासभर झोपू देऊ नका, तो पाळणा नव्हे. सदतीस आठवड्यांच्या आत जन्मलेलं किंवा फार कमी वजनाचं बाळ असेल तर डिस्चार्जच्या आधी डॉक्टरांना विचारा, बसल्यावर श्वास नीट राहतो का. परदेशात अशा बाळाला सीटमध्ये बसवून श्वास आणि ठोके तपासूनच सोडतात. लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेला जाऊन आलेले आजी-आजोबा आता आपल्याकडेही कमी नाहीत, त्यांना विचारा. तिथल्या नर्सने आधी सीट पाहिली आणि मग बाळ हातात दिलं, हे ते सांगतील.

स्वतःची गाडी नसेल त्यांनी काय करावं? बहुसंख्य घरांचा हाच प्रश्न आहे. सरकारी दवाखान्यातून घरी सोडायला १०२ ची गाडी मोफत मिळते, २०११ पासूनच्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात ती सोय आहे. ती मागून घ्या. भाड्याची गाडी ठरवताना भाड्याआधी एक प्रश्न विचारा: मागे पट्टे चालू आहेत का? पुष्कळ गाड्यांत ते सीटकव्हरखाली गाडून टाकलेले असतात, कुलूपसुद्धा सापडत नाही. आदल्या दिवशी काढून ठेवायला सांगा. समोरासमोर किंवा आडव्या बाकांच्या जीपमध्ये मागे सीट बसत नाही, ती गाडी या कामाला नको. मोटारसायकल तर नकोच. चार वर्षांखालच्या मुलासाठी दुचाकीवर अंगाला बांधायचा पट्टा आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा, हा नियम २०२३ च्या फेब्रुवारीपासून लागू आहे, पण तो पट्टा बसू शकणाऱ्या मुलासाठी. महिन्याच्या बाळाला पदराखाली घेऊन एका बाजूला पाय सोडून बसलेल्या आईला त्याचा काही उपयोग नाही. त्यापेक्षा एसटीची मधली सीट बरी.

वेळही निवडा. उसाचा गळीत हंगाम चालू असला की निवाड्याच्या रेणा कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्यांवर अंधार पडल्यावर दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर असतात, मागे ना लाल दिवा ना चमकती पट्टी. डिस्चार्जचा कागद संध्याकाळी सातला हातात आला तरी त्याच रात्री निघायचा हट्ट नको. एप्रिल-मेमध्ये उलट: दुपारी उन्हात उभ्या गाडीत सीटचं लोखंडी कुलूप चटका देतं. सीटवर पांढरा पंचा टाकून ठेवा, बसवायच्या आधी कुलूप हाताला लावून बघा. आणि ‘दोन मिनिटांत येतो’ म्हणून बाळाला बंद गाडीत ठेवून औषधाच्या दुकानात जायचं नाही, काच बोटभर खाली असली तरी.

पुण्याचा प्रवास साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास. येडशी, बार्शी, टेंभुर्णी, इंदापूर, भिगवण असे टप्पे आधीच ठरवा. लहान बाळ असेल तर त्यांच्या अधेमधेही थांबा, आणि प्रत्येक ठिकाणी बाळ सीटबाहेर काढून आडवं करा, पाजा, लंगोट बदला. भिगवणला माशांसाठी थांबायला पुरुषमंडळींना सांगावं लागत नाही. बार्शीला मात्र लागतं. चालत्या गाडीत रडतंय म्हणून काढून पाजू नका. गाडी बाजूला घ्या, दहा मिनिटं गेली तर गेली.

जुनी सीट वापरावी का? पहिल्या दिवसांत बाळाला दुसऱ्याचं वापरलेलं, धुऊन मऊ झालेलं झबलं घालायची आपली रीत चांगलीच आहे. सीटला ती लावताना मात्र चौकशी हवी. घरातल्याच कुणाची असेल, एकदाही धडकेत सापडलेली नसेल, सगळे पट्टे आणि पुस्तिका असेल, तर बिनधास्त घ्या. तळाशी प्लॅस्टिकवर बनल्याची तारीख ठशासारखी उमटवलेली असते. वापराची मर्यादा साधारण सहा ते दहा वर्षं, तीही तिथेच किंवा पुस्तिकेत असते. अनोळखी माणसाकडून जाहिरात बघून घेऊ नका, त्या सीटचा इतिहास तुम्हाला कळणार नाही.

बाळाचं डोकं कवचाच्या वरच्या काठापासून इंचभर खाली आलं, किंवा वजन १३ किलो झालं, की या सीटचं काम संपलं. बहुधा डोकं आधी पोचतं, वर्षाच्या पुढे-मागे. तेव्हा दुसरी, मोठी सीट घ्यायची, आणि तीही आधी मागेच तोंड करून लावायची. पहिली धुऊन, पुस्तिका पिशवीत घालून तिलाच बांधून, पुढच्या बाळंतिणीकडे द्या. मात्र ती एखाद्या धडकेत सापडलेली असेल तर बाहेरून तडा दिसत नसला तरी देऊ नका आणि भंगारवाल्यालाही तशीच घालू नका. आधी विळ्याने सगळे पट्टे कापून टाका, म्हणजे ती कुणी उचलून पुन्हा वापरणार नाही.